तिसऱ्या आठवड्यातले मासे

घरातल्या टाकीत मासा मेला की कुणीतरी वडीलधारे माणूस हटकून म्हणते, ‘‘जाऊ दे, घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यानं आपल्या अंगावर घेतलं.’’ मग त्या माशाला तुळशीशेजारच्या कुंडीत पुरतात, रविवारी बाजारातून त्याच रंगाचा दुसरा आणतात आणि घरावरचे पुढचे संकट झेलायला तो सज्ज होतो. समजूत मोठी सोयीची आहे. मुलांचे डोळे पुसले जातात, मोठ्यांना अपराधी वाटत नाही आणि दुकानदाराचाही धंदा चालू राहतो. बिचाऱ्या माशाला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू नेमका कशाने गेलास?

विचारलेच, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येईल. ही संकटे बहुधा टाकी नवीन असतानाच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात. जुन्या, झाडाझुडपांनी भरलेल्या, जरा शेवाळलेल्या टाक्यांवर ती सहसा येत नाहीत. ग्रहताऱ्यांना टाकीचे वय कसे कळते, हा विचार करण्यासारखाच प्रश्न आहे.

इंदूरमधल्या एका मराठी कुटुंबाची हकिगत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. घरात निवृत्त शास्त्रशिक्षक आजोबा, आजी, नोकरी करणारे मुलगा-सून आणि दुसरीत जाणारी नात. मुलाला बढती मिळाली, तेव्हा कुणीतरी वास्तूचा सल्ला दिला आणि दिवाणखान्यात दोन फुटी टाकी आली. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा, असे नऊ मासे. तळाला निळे खडे, प्लॅस्टिकची झाडे आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी. नातीने नऊच्या नऊ माशांना नावे दिली.

सून स्वच्छतेची मोठी भोक्ती. इंदूर २०१७ पासून सलग काही वर्षे देशातल्या स्वच्छ शहरांत पहिले येत राहिले, त्यातला निम्मा वाटा आपल्या सुनेचा, असे आजोबा गमतीने म्हणत. दर रविवारी ती मासे बादलीत काढी, खडे गरम पाण्याने धुई, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळी, काचा लख्ख करी आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडी. तिसऱ्या रविवारनंतर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करू लागले. गुरुवारपर्यंत आठही सोनेरी गेले. काळा शनिवारी गेला.

आजींनी नेहमीचे वाक्य म्हटले. त्यावर नातीने विचारले, ‘‘म्हणजे आपल्या घरावर नऊ संकटं येणार होती?’’

कुणालाच काही बोलता येईना. त्या दिवसापासून ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून अभ्यासाला बसू लागली. टाकी रिकामी होऊन गॅलरीत गेली, तरी तिची बसायची बाजू बदलली नाही. आजोबांना हेच लागले. मासे गेले त्यापेक्षा, पोरीने प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर मिळाले नाही, हे. त्यांनी पुस्तके आणली, दोन-तीन दुकानदारांकडे जाऊन बसले आणि महिनाभरात त्यांना उत्तर सापडले.

माशाचे पोट आणि त्याचे घर यांत अंतर नसते. अन्न पचल्यावर शरीरात तयार होणारा अमोनिया मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे सरळ पाण्यात सोडतो. नदीत-तळ्यात तो वाहून जातो, पांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली, तरी तिच्यात जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे चारेक बादल्या. एकेक गोल्डफिश वाढून वीतभर होऊ शकतो, खाणेही तसेच आणि घाणही तशीच. चार बादल्यांत असे नऊ! न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातूनही अमोनियाच निघतो. पाणी दिसायला नितळ असते, पण माशांचे कल्ले त्यात जळत असतात. पाणी गरम आणि अल्कधर्मी असेल, तर हे विष आणखी जहाल होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नेमके तसेच असते.

मग जुन्या टाकीतले मासे जगतात कसे? तिथे डोळ्यांना न दिसणारे कामगार असतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. दुसरे जीवाणू या नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बरेच निरुपद्रवी असते आणि झाडांना खत म्हणून चालते. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते चिकटून राहतात: स्पंजला, खड्यांना, काचेला, झाडांच्या पानांना. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात विष चढलेले असते आणि कामगार अजून गोळा व्हायचे असतात. त्यात कुणी दर रविवारी स्पंज आणि खडे क्लोरीनच्या नळाखाली धुऊन काढले, तर ते कधीच गोळा होत नाहीत.

स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही हे पटकन कळेल. दुधाचे दही होते ते विरजणामुळे. रोज भांडे घासून पुसून विरजणाचा शेवटचा थेंबही धुऊन टाकला आणि मग दही का लागत नाही म्हणून दुधाला दोष दिला, तर काय म्हणावे? आजोबांनी सुनेला हे याच शब्दांत सांगितले. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, ‘‘बाबा, म्हणजे ते मासे मी मारले?’’

‘‘विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि मी जन्मभर शास्त्र शिकवलं तरी मला सुचलं नाही. तू तर फक्त घर स्वच्छ ठेवत होतीस,’’ आजोबा म्हणाले. मग त्यांनी गॅलरीतली टाकी आत आणली.

या खेपेला निळे खडे आणि खजिन्याची पेटी बाहेरच राहिली. तळाला कुंडीतली माती, ताजे शेणखत न घातलेली, इंचभर. तिच्यावर इंचभर धुतलेली जाड रेती. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ साली पाणवनस्पतींच्या टाकीवर एक पुस्तक लिहिले, तेव्हापासून मातीची ही साधी रीत जगभर माहीत झाली. त्याच दशकात जपानच्या ताकाशी अमानो यांनी टाकीत अक्षरशः डोंगरदऱ्या आणि कुरणे उभी करून दाखवली होती. त्यांची छायाचित्रे पाहून भारावून जावे. पण तशा बागेला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, भरपूर प्रकाश आणि रोजची कात्री लागते. नोकरी-घर सांभाळणाऱ्या कुटुंबाने त्या वाटेला घाईने जाऊ नये. सिलिंडरमधला वायू रात्री जास्त सुटला, तर सकाळी मासे धापा टाकताना दिसतात.

झाडे कुठली लावावीत? महागडी आणि दुर्मीळ तर मुळीच नकोत. शाळेत प्रत्येकाने एक प्रयोग पाहिला आहे: चंचुपात्रात हायड्रिलाची डहाळी, तिच्यावर उपडे नसराळे, वर परीक्षानळी आणि उन्हात ठेवले की वर जाणारे बुडबुडे. आजोबांनी हा प्रयोग वर्षानुवर्षे केला होता. तीच हायड्रिला आपल्या तळ्यांत, कालव्यांत उगवते आणि टाकीत झपाट्याने वाढते. रिबनसारख्या पानांची व्हॅलिस्नेरियाही आपल्याकडचीच. अशी भराभर वाढणारी झाडे अमोनिया स्वतःच शोषून घेतात, म्हणजे जीवाणू जमेपर्यंतचा भार हलका होतो. तळ्यातून आणलेली झाडे मात्र आधी आठवडाभर बादलीत वेगळी ठेवावीत आणि नीट धुऊन घ्यावीत, नाहीतर त्यांच्याबरोबर चतुराची अळी येते आणि माशांची पिल्ले फस्त करते.

झाडे आणि मासे एकमेकांना जगवतात, ही कल्पना तशी जुनी. १८५०च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून पाहिले. काही दिवसांनी कुजक्या पानांनी पाणी गढूळ झाले. त्याने पाणी ओतून दिले नाही, तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि बुळबुळीत शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. आज दिवाणखान्यात दिसणारी प्रत्येक टाकी त्या भांड्याची वंशज म्हणायची. गंमत अशी, की पावणेदोनशे वर्षांनंतरही नवीन टाकीत गोगलगाय दिसली की लोक दचकून ती चिमट्याने काढून फेकतात.

झाडे लागली, पाणी भरले, फिल्टर सुरू झाला, आणि मासे आणलेच नाहीत. ओळखीच्या एका घरी पाच वर्षांची टाकी होती. तिथला मळकट स्पंज पिळून ते काळपट पाणी आजोबांनी बाटलीतून आणले आणि नव्या टाकीत ओतले. हे विरजण! सुनेने डोळे मिटून घेतले. पुढचा महिना तिच्या परीक्षेचा होता. आधी पाणी दुधाळ झाले, मग काचेवर तपकिरी थर चढला. येणारे-जाणारे विचारत, ‘‘मासे कुठे आहेत?’’ आजी चहा देत सांगत, ‘‘अजून दही लागायचंय.’’ अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या थेंबांच्या बाटल्या दुकानात मिळतात. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. दर दोन दिवसांनी हे काम नात करू लागली. पहिल्यांदा तिने टाकीकडे तोंड केले ते तेव्हा. आजोबा टाकीत चिमूटभर दाणे टाकून जीवाणूंना जेवायला घालत आणि ती वहीत आकडे लिही. पाचव्या आठवड्यात दोन्ही आकडे शून्यावर येऊन तिथेच राहिले.

मासे निवडताना त्यांनी पुन्हा गोल्डफिशकडे पाहिले नाही. गोल्डफिश झाडे कुरतडतो, त्याला थंड पाणी मानवते आणि दोन फूट जागा त्याला पुरत नाही. वाघबार्ब दुसऱ्यांच्या लांब शेपट्या तोडतात. एंजल मोठा झाला की निऑन टेट्रा त्याला घास वाटतात. एकत्र कुटुंबात कोणाचे कोणाशी पटते हे पाहावे लागते, तसेच इथे. पहिले आले सहा झेब्रा डॅनिओ. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा हा चपळ मासा जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळतात, पण मूळचा तो आपल्याच ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने १८२२ साली गंगेतल्या माशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याची नोंद आहे. मधाच्या रंगाचा छोटा गुरामीही त्याच ग्रंथातला. पंधरा दिवसांनी त्याची एक जोडी आली, आणखी पंधरा दिवसांनी नातीच्या हट्टासाठी चार गप्पी. प्रत्येक वेळी पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवायची, टाकीतले पाणी थोडेथोडे आत घालायचे आणि मासे जाळीने उचलून सोडायचे. दुकानातले पाणी टाकीत ओतायचे नाही, कारण रोग बहुधा त्यातूनच येतात. जाता जाता एक सांगायला हवे. बाजारात गुलाबी-हिरव्या रेषांचे पारदर्शक मासे दिसतात. ते रंग जन्मजात नसतात, सुईने टोचलेले असतात. कितीही सुंदर दिसले तरी ते घेऊ नयेत.

रोजची देखभाल ऐकायला फार सोपी आहे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नळीने ओढून काढायचे आणि तेवढेच आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवलेले घालायचे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानदार सांगेल त्या प्रमाणात हायपोचे खडे टाकावेत. स्पंज महिन्यातून एकदा, तोही काढलेल्या त्या जुन्याच पाण्यात, दोनदा दाबायचा. दिवा सात-आठ तास. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवली की हिरवे शेवाळ माजते. खोलीत डासांची उदबत्ती किंवा झुरळांचा फवारा नको. त्यातली औषधे माणसाला सोसतात, माशाला अगदी थोडीही प्राणघातक ठरतात. उरलेले पाणी झाडांना घालावे. आजींचा मोगरा त्या वर्षी असा फुलला, की शेजारणी विचारायला आल्या.

खरी अडचण येते ती मायेची. मासा माणूस दिसले की काचेशी येतो, आणि आपल्याकडे दारी आलेल्याला उपाशी पाठवायची रीत नाही. सकाळी आजी दाणे टाकत, शाळेतून आल्यावर नात, संध्याकाळी मुलगा आणि रात्री जेवणानंतर पुन्हा आजी, ‘‘बघा कसा आशेनं बघतोय!’’ माशाला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच पुरते आणि आठवड्यात एक उपवास मानवतो. उपदेशाने काही होईना, तेव्हा सुनेने कालनिर्णय टाकीशेजारी टांगले. ज्याने दाणे टाकले त्याने त्या दिवसावर खूण करायची; खूण दिसली की पुढच्याने हात आवरायचा. सोमवार माशांचाही उपास ठरला. आजींना तो एकदम पटला. गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे दाण्यांचा डबा न देता रोजच्या एकेक पुड्या बांधून दिल्या. काकूंच्या मायेचा अंदाज कुणालाच नव्हता.

मे महिन्यात मात्र कसोटी लागली. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो, गरम पाण्यात कमी. वीस अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसातच. टाकीतले पाणी ३३ अंशांवर गेले होते. दिवसा झाकण काढून पृष्ठभागावर टेबलपंखा सोडला की दोन-तीन अंश उतरत. पण एका रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. पंखा बंद, फिल्टर बंद. झाडेही अंधारात प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. सून उकाड्याने उठली, बॅटरीच्या उजेडात तिला सगळे मासे वर आलेले दिसले. तिने तांब्या घेतला, टाकीतले पाणी भरून हातभर उंचीवरून परत टाकीत सोडले, पुन्हा भरले, पुन्हा सोडले. पडणाऱ्या धारेबरोबर हवा पाण्यात मिसळते, हे तिला त्या घरात राहून एव्हाना ठाऊक झाले होते. थोड्या वेळाने नात उठून आली आणि तिने आपला शाळेचा वॉटरबॅगचा पेला आणला. दोघी आळीपाळीने पाणी ओतत राहिल्या. वीज पहाटे साडेचारला आली. एक गुरामी गेला, बाकीचे वाचले.

सकाळी आजींनी गुरामीला मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. नातीने वहीत तारीख घातली आणि समोर लिहिले: ३३ अंश, वीज अडीच तास नाही. पुढच्या रविवारी बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आला.

त्या टाकीत आणखी एक पाहुणा होता, त्याचे सांगायचे राहिले. काच साफ करेल म्हणून दुकानदाराने मुलाच्या गळ्यात दोन इंची ‘सकर’ मारला होता. दक्षिण अमेरिकेतला हा खवलेदार चिलखताचा मासा फूटभराच्याही पुढे वाढतो, हे सांगायला तो सोयीस्कर विसरला. दीड वर्षात सकर हाताच्या पंजापेक्षा मोठा झाला, रात्री झाडे उपटू लागला आणि त्याच्या घाणीने पाण्याचे गणित बिघडू लागले. मुलगा म्हणाला, सिरपूरच्या तलावात सोडून देऊ, बिचारा मोकळा होईल. आजोबांनी स्पष्ट नकार दिला. असेच कुणीकुणी दया येऊन सोडलेले सकर आज कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत आणि देशातल्या अनेक तळ्यांत माजले आहेत. ते कोळ्यांची जाळी फाडतात, तळ उकरतात आणि स्थानिक माशांना जागा उरू देत नाहीत. त्यात सिरपूर तर २०२२ पासून रामसर यादीतले, जगाने मान्यता दिलेले पाणथळ.

शेवटी तो स्कूटरवरून बादलीत बसून परत दुकानात गेला. तिथे मोठी टाकी होती. दुकानदाराने खळखळ केली, पण घेतला. नात मागे बसून बादलीचे झाकण धरून होती. काच साफ करायला त्याच्या बदल्यात काय देऊ, असे दुकानदाराने विचारले, तेव्हा तिने तळाच्या टाकीकडे बोट दाखवले आणि सहा गोगलगायी मागून घेतल्या.